डावी भुवई

उजवी भुवई झाली होती. डावी व्हायची होती. आणि शैलाकाकू खुर्चीवर ताडकन उठून बसल्या.

माझ्या हातात मशीन होतं. पेनाएवढं, टोकाला सुई असलेलं. ते अजून घूंघूं करत होतं. बंद करायचंही मला सुचलं नाही.

"थांब," त्या म्हणाल्या. "हात लावू नकोस मला."

त्यांच्या उजव्या भुवईतून रक्ताचे बारीक ठिपके वर येत होते. ते टिपायचे असतात. मी सवयीनं कापूस घेऊन पुढे झाले. त्यांनी माझा हात बाजूला सारला. हात नाही, बाही. बाहीचं टोक चिमटीत धरून, मेलेली पाल उचलून टाकावी तशी.

"कळत नाही का? हात लावू नकोस म्हटलं ना!"

माझ्या दोन्ही हातांत रबरी ग्लोव्ह्ज होते. मघापासून मी त्यांच्या चेहऱ्यावर काम करत होते आणि माझी कातडी त्यांच्या कातडीला एकदाही लागली नव्हती. तरी माझ्या हातानं त्या बाटल्या होत्या.

हे टेक्ससमधल्या शुगर लँडला घडलं. दोन हजार सहाचा ऑगस्ट. बाहेर अशी दमट उष्णता की गाडीतून उतरून दुकानाच्या दारापर्यंत येईतो कपडे अंगाला चिकटायचे. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला डोनटचं दुकान, मध्ये आमचं सलून. मालकीण किम. व्हिएतनामहून आलेली, पन्नाशीची, तोंडाची फटकळ. तिच्याकडे मी आधी थ्रेडिंग करायचे. दोरा दातात धरून बायकांच्या भुवया कोरायचे. मग तिनंच मला परमनंट मेकअप शिकवला. ज्यांच्या भुवया विरळ झाल्यात, ज्यांना रोज पेन्सिल फिरवायचा कंटाळा आलाय, त्यांच्या कातडीत सुईनं रंग भरायचा. केसासारख्या बारीक रेघा ओढायच्या. पापणीच्या मुळाशी काजळासारखी काळी रेघ. ओठांच्या कडा. धुतलं तरी जात नाही, वर्षानुवर्षं राहतं. मी शिकायला लागले आणि थोड्याच दिवसांत किम डोळे बारीक करून म्हणाली, "यू डिड धिस बिफोर."

मी नाही म्हटलं. ते खोटं नव्हतं. मी केलं नव्हतं. माझ्या आईनं केलं होतं.

आम्ही गोंदणारे. मराठवाड्यात गावोगाव फिरणारी जमात, कागदोपत्री भटक्या-विमुक्तांत मोडणारी. गावाबाहेर पाल ठोकायचं आणि आईनं सुयांची जुडी आणि काजळीची डबी घेऊन गावात जायचं. कपाळावर ठिपका, हनुवटीवर तीन, दंडावर तुळस, मनगटावर नवऱ्याचं नाव. आईला अक्षर येत नव्हतं. कुणीतरी मातीत काडीनं नाव लिहून दाखवायचं, ते बघून ती हातावर उतरवायची. एक काना चुकायचा नाही.

मी आश्रमशाळेत शिकले. लग्न सुभाषशी झालं. आमच्या जमातीतला पहिला इंजिनिअर तो. दोन हजार एकला आम्ही अमेरिकेत आलो. पहिली काही वर्षं मला काम करायची परवानगी नव्हती. त्याच काळात आई गेली. कागद अडकलेले होते, मला जाता आलं नाही. ग्रीन कार्ड आलं आणि मी किमच्या दुकानात उभी राहिले.

आमचं आडनाव 'कर'नं संपतं. सुभाषच्या शाळेतल्या मास्तरांनी गावावरून लावलेलं. ते ऐकून शुगर लँडची मराठी माणसं आपापल्या सोयीनं काय ते समजायची. कुणी देशस्थ समजायचं, कुणी आणखी काही. सुभाष म्हणायचा, "समजू देत. आपण खोटं बोलत नाही. फक्त बोलत नाही."

मी बोलत नव्हते. त्या दिवसापर्यंत.

शैलाकाकू मूळच्या पुण्याच्या. अमेरिकेत येऊन जन्म गेला होता त्यांचा. मराठी मंडळ त्यांच्या जिवावर चालायचं. गणपतीत मुलींचे नाच त्या बसवायच्या. नव्यानं आलेल्या बायकांना कढीपत्ता कुठं मिळतो ते सांगायच्या. मलाही त्यांनीच सांगितलं होतं. त्यांच्या यजमानांच्या शब्दावर सुभाषला कंपनीत घेतलेलं. तेव्हा त्या भुवया करून घ्यायला येणार म्हटल्यावर मी आदल्या दिवशी खुर्चीसुद्धा दोनदा पुसली होती.

तरुणपणी कोरून कोरून त्यांच्या भुवया संपल्या होत्या. ऑक्टोबरात लेकीचा साखरपुडा होता. म्हणाल्या, "फोटोत माझा चेहरा पुसल्यासारखा येतो गं."

मी पेन्सिलीनं आकार काढून दाखवला. त्यांना आवडला. दोन्हीकडे बधिर करणारं क्रीम लावलं. उजवी बाजू सुरू केली. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. पलीकडे सोफ्यावर नीता मासिक चाळत होती. नीता माझ्याच वयाची, नागपूरची. काकूंना ती गाडीतून घेऊन आली होती. हायवेवर गाडी चालवायची काकूंना भीती वाटायची.

"हात किती हलका आहे गं तुझा," काकू म्हणाल्या. "कुठं शिकलीस?"

किमचं नाव अगदी ओठावर होतं. पण मला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत कुणी मराठीतून, मायेनं, माझ्या हाताचं कौतुक केलं नव्हतं.

मी म्हटलं, "आईचा हात आहे, काकू. माझी आई गोंदायची."

"गोंदायची म्हणजे?"

"गावोगाव जाऊन. बायकांना गोंदून द्यायची."

त्यांचे डोळे उघडले. मी उजव्या भुवईची शेवटची रेघ ओढत होते, म्हणून वरून मला ते अगदी जवळून दिसले.

"म्हणजे त्या पालं ठोकून राहतात, त्या?"

"हो."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

आणि त्या उठून बसल्या.

बाजूच्या टेबलावर स्पिरिटचे ओले कागद होते. त्यांनी एक ओढून घेतला आणि कपाळ पुसायला लागल्या. ताज्या जखमेवर स्पिरिट. मी म्हटलं, "काकू, ते नका लावू, आग होईल." आग होतच होती. डोळ्यांतून पाणी येत होतं त्यांच्या. पण त्या घासत राहिल्या. दुसरा कागद घेतला. तिसरा घेतला. गळा पुसला. कानाच्या पाळ्या पुसल्या. कानांना तर मी हातही लावला नव्हता.

आवाज ऐकून किम आली. काकू इंग्रजीत म्हणाल्या, "आय वॉज नॉट टोल्ड अबाउट हर बॅकग्राउंड. इट्स अ हायजीन थिंग."

किम गोंधळली. तिनं कचऱ्याच्या डब्यात सुईचं फाडलेलं पाकीट पाहिलं. खुर्चीवरची धुतलेली चादर पाहिली. माझे ग्लोव्ह्ज पाहिले. "वॉट इज डर्टी?" तिनं विचारलं.

काकूंनी माझ्याकडे बोट केलं नाही. नुसतं पाहिलं. म्हणाल्या, "शी नोज."

हो. मला माहीत होतं.

किमला गिऱ्हाईक जाताना दिसत होतं. तिच्या दृष्टीनं एवढंच होतं. ती मला म्हणाली, "से सॉरी."

मी सॉरी म्हटलं. काकू तशाच उभ्या. त्यांना इंग्रजीतलं पुरेसं नव्हतं. मग मी मान खाली घालून म्हटलं, "चुकलं, काकू." कुणी मला ढकललं नव्हतं, मारलं नव्हतं. माझ्याच तोंडातून ते आलं. इतक्या सहज आलं की जसं काही जन्मापासून तिथंच तयार ठेवलेलं होतं.

त्या काळा चष्मा लावून निघून गेल्या. एक भुवई काळीकुट्ट, सुजलेली. दुसरी कोरी, वर क्रीमचा पांढरा थर. नीतानं जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच आठवड्यात तिनं माझ्याकडून थ्रेडिंग करून घेतलं होतं. वाटेत ती पण कपाळ चोळत असेल का, असं मनात येऊन गेलं.

मी बाथरूममध्ये गेले. ग्लोव्ह्ज काढले. नळ सोडला आणि तशीच उभी राहिले.

मला ते अंगण आठवलं. मी सात-आठ वर्षांची असेन. आईबरोबर एका मोठ्या घरी गेले होते. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तिच्या हातावर गोंदायचं होतं. घरातल्या म्हातारीनं आम्हाला अंगणाच्या कडेला, उकिरड्याच्या बाजूला बसवलं. मुलगी पाटावर, आई मातीत. मुलगी रडत होती, आई तिला गाणं म्हणून दाखवत होती आणि सुई टोचत होती. मुलीचं रक्त आईच्या बोटांवरून खाली गळत होतं. ते कुणाला खटकलं नाही. गोंदून झालं आणि म्हातारी तांब्या घेऊन आली. वरून, लांबून, मुलीच्या हातावर पाणी ओतलं. मग गोमूत्र शिंपडलं. मुलीवर, पाटावर, आणि उरलेलं आमच्या दिशेनं. ज्वारी आईच्या पदरात उंचावरून टाकली. निम्मी मातीत सांडली. आम्ही दोघी ती वेचत बसलो. म्हातारी आम्ही कधी उठतो याची वाट बघत उभी.

परतताना मी आईला विचारलं, "आपुन हात लावला म्हनून धुतलं का गं?"

आई हसली. कडू हसली. म्हणाली, "धुऊ दे की. वरून किती बी पानी वतलं, तरी म्या कातड्याच्या आत घातलंय ते काय जातंय व्हय?"

आई हसू शकली. मला त्या बाथरूममध्ये हसू आलं नाही.

घरी सुभाषला सांगितलं. तो जेवत होता. घास हातातच राहिला.

"तुला कशाला सांगायचं होतं?"

मी पोळी वाढायला पुढे झाले.

"किमकडे शिकले म्हणायचं होतं! एवढं सोपं होतं!" तो ताटावरून उठला. आमची मुलगी आतल्या खोलीत होती म्हणून आवाज दाबून बोलत होता. "माझा बाप गावात शिरताना चपला हातात घ्यायचा. ते सगळं सोडून मी इतक्या लांब आलो. आणि तू एका भुवईसाठी ते परत घरात आणलंस."

त्याला राग माझा होता की बापाच्या चपलांचा, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. त्या रागाला बिचाऱ्याला दुसरी जागाच नव्हती. तो काकूंवर एका शब्दानंही चिडला नाही. हे मला जास्त लागलं.

मग फोन यायला लागले. मराठी बायका अपॉइंटमेंट कॅन्सल करायला लागल्या. कुणाच्या मुलाला ताप, कुणाला अचानक काम. कुणी जात हा शब्द उच्चारला नाही. इथं कुणीच उच्चारत नाही. गणपतीच्या जेवणाला मी दर वर्षी पुरण करायचे. त्या वर्षी निरोप आला, "अगं, या वेळी सगळं केटररला सांगितलंय, तू उगाच त्रास घेऊ नकोस." नीताकडून कळलं की खीर, कोशिंबीर, चटण्या, सगळं करायला घरोघरी वाटून दिलंय.

किम म्हणायची, "युअर पीपल, युअर प्रॉब्लेम." पण अपॉइंटमेंटच्या वहीची पानं ती माझ्यासमोर फडफडवायची.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. गणपतीच्या नाचात होती. तालीम काकूंच्या घरी असायची. मी सुभाषला म्हटलं, तिला नको पाठवायला. तो म्हणाला, "पाठव. काही झालंच नाही असं वागायचं. लोक विसरतात."

ती गेली. परत आली ती खुशीत. हातात कागदी कप. त्यावर लाल फुलं छापलेली.

"आई, लुक. आय गॉट टू कीप इट."

"कुणी दिला?"

"शैलाआजीनं. सगळ्यांना स्टीलचे ग्लास होते. ओन्ली आय गॉट धिस वन."

तिला वाटलं, आपला लाड झाला. तिनं तो कप धुतला आणि त्यात रंगाच्या पेन्सिली उभ्या करून ठेवल्या.

मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले. मला हात लावू नकोस म्हटलं, ते मी गिळलं होतं. सॉरी म्हटलं होतं. पुरण नको म्हटलं, तेही गिळलं. पण माझी मुलगी हसत होती. अपमान हातात घेऊन, त्याचे आभार मानून घरी आली होती. आणि तिला हसत ठेवायचं असेल तर मला आयुष्यभर गप्प बसावं लागणार होतं. सुभाष म्हणत होता ते हेच. खोटं बोलत नाही, फक्त बोलत नाही. त्या 'फक्त'ची किंमत त्या संध्याकाळी मला कळली.

मी उठले. तिच्या खोलीत गेले. पेन्सिली काढून ठेवल्या आणि तिला सगळं सांगितलं. तिची आजी काय करायची. पाल म्हणजे काय. तो कप कशासाठी होता. मराठीत सांगितलं, जिथं तिला कळलं नाही तिथं माझ्या मोडक्या इंग्रजीत.

तिनं कप उचलून फिरवून पाहिला. मग म्हणाली, "सो शी थिंक्स आयॅम डर्टी?"

"हो."

"इज शी डम्ब?"

"नाही," मी म्हटलं. "हुशार आहे. शिकलेली आहे."

तिनं तो कप चुरगाळला नाही, फेकला नाही. नुसता माझ्या हातात दिला. आणि तालमीला ती परत गेली नाही. सुभाष चिडला. मी त्याला पहिल्यांदा उत्तर दिलं. म्हटलं, "तुझा बाप चपला हातात घ्यायचा. तू जीभ हातात घेऊन चालतोस. फरक काय?"

पुढे बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

सप्टेंबर संपत आला तेव्हा नीताचा फोन आला. कुजबुजत बोलत होती. "काकू फार टेन्शनमध्ये आहेत यार. ह्यूस्टनला दोन ठिकाणी जाऊन आल्या. कुणी हात लावायला तयार नाही. दुसरीनं अर्धवट टाकलेलं काम आम्ही करत नाही, म्हणतात. ज्यांनी सुरू केलं त्यांच्याकडेच जा, म्हणतात."

मी म्हटलं, "मग?"

"मग काही नाही. मी आपलं सांगितलं." आणि जराशानं, "मला सॉरी वाटतं गं. पण मी काय करणार?"

पुष्कळ काही करता आलं असतं. मान वर करून बघता आलं असतं. मी ते बोलले नाही, फोन ठेवला.

रविवारी दुकान बंद असतं. त्या रविवारी दुपारी किमनं मला बोलावून घेतलं. पुढचं शटर ओढलेलं. मागच्या दारानं आत गेले तर शैलाकाकू बसलेल्या.

मी त्यांचा चेहरा पाहिला. उजवी भुवई छान बसली होती. खपली पडून रंग मुरला होता, एकेक रेघ केसासारखी. माझंच काम, पण सुरेख होतं. डाव्या बाजूला त्यांनी पेन्सिलीनं काढली होती. घामानं ती ओघळून पापणीपर्यंत आली होती. साठीकडे झुकलेली बाई. मला एक क्षण खरंच वाईट वाटलं. आत्ता बसवावं आणि करून टाकावं, असंही वाटलं.

मग त्या बोलल्या.

"हे बघ, झालं ते झालं. मी मोठी आहे, मी विसरायला तयार आहे. आज ही भुवई पूर्ण कर. डबल ग्लोव्ह्ज घाल. आणि मी इथं आले होते हे कुणाला कळता कामा नये."

मी सुयांच्या ट्रेकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी तयार होतेय. आवाज मऊ झाला त्यांचा.

"आणि मंडळाचं मी बघते. मी सगळ्यांना सांगते, माझ्या ऐकण्यात चूक झाली. गोंदणारी बाई तुझ्या गावात यायची, असं तू म्हणाली होतीस. ती तुझी आई नव्हती. काय? प्रश्न मिटला. दिवाळीच्या नाचात तुझ्या मुलीला मी पहिल्या रांगेत घेते. तुझ्या नवऱ्यालाही ऑफिसात अवघडायला नको."

किम काउंटरवरून बघत होती. मराठी तिला कळत नव्हतं, पण सौदा कळत होता. "फिनिश इट," ती म्हणाली. "प्लीज."

सगळं परत मिळणार होतं. गिऱ्हाईकं, पुरण, पहिली रांग, नवऱ्याचं बोलणं. फक्त एवढंच म्हणायचं होतं की ती बाई माझी आई नव्हती. जिच्या मातीला मला जाता आलं नाही, ती माझी कुणी नव्हती. गावात यायची कुणीतरी.

मी दोन्ही हात टेबलावर टेकवले.

"काकू, तुमच्या ऐकण्यात चूक झालेली नाही. ती माझी आईच."

"अगं, मला माहीत आहे. मी म्हणते, लोकांना सांगायचं."

"लोकांनाही तेच सांगायचं. मी भुवई करते. चांगली करते. उद्या या, दुकान उघडं असताना, पुढच्या दारानं. नीताला आणा. सगळ्यांसमोर या खुर्चीवर झोपा. आणि माझी आई गोंदायची, हे तुमच्या तोंडानं म्हणा. मगच मशीन हातात घेईन."

त्यांचा चेहरा लाल झाला. उजवी भुवई वर चढली. "अमेरिकेत येऊन माज आलाय तुम्हाला."

आतापर्यंत मी 'तू' होते. त्या वाक्यात 'तुम्ही' झाले. ते मानाचं 'तुम्ही' नव्हतं. त्यात मी होते, सुभाष होता, माझी आठ वर्षांची मुलगी होती, माझी मेलेली आई होती, सगळी पालं होती. सगळ्यांना एकाच शब्दात धरून त्यांनी फेकलं होतं.

"आला असेल," मी म्हटलं. "आता तो जाणार नाही."

त्या मागच्या दारानं गेल्या. किमनं मला काढून टाकलं, तिथल्या तिथं. ओरडली नाही. माझ्या सुया, माझा दोरा पिशवीत भरून दिला. म्हणाली, "आय डोन्ट अंडरस्टँड यू पीपल." मी तिला समजावत बसले नाही. मी दमले होते.

साखरपुड्याला आम्हाला बोलावणं नव्हतं. फोटो नीतानं ईमेलवर पाठवले, का ते तिचं तिला माहीत. सगळ्या फोटोंत काकू उजवी बाजू कॅमेऱ्याकडे करून उभ्या होत्या. मला आनंद झाला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. झाला. थोडा वेळ झाला. मग गेला. कारण त्या फोटोत त्यांच्या भोवती आमच्या ओळखीचं प्रत्येक माणूस उभं होतं.

काकूंच्या यजमानांनी सुभाषशी बोलणं तोडलं. पुढच्या वर्षी त्याचं काम दुसऱ्या गटात गेलं, आणखी लांबच्या ऑफिसात. रोज दीड तास जायला, दीड तास यायला. तो मला दोष देत नाही आता. जवळही घेत नाही. आमचं घर चालू आहे, एवढंच. काही गोष्टी मोडल्या त्या मोडल्याच.

मी एका मेक्सिकन बाईच्या सलूनमधली मागची खोली भाड्यानं घेतली. वर्षभर माशा मारल्या. मग हळूहळू बायका यायला लागल्या. काळ्या, गोऱ्या, मेक्सिकन, आजारपणात केस गेलेल्या, अपघातात भाजलेल्या. आणि अधूनमधून मराठीही. शुगर लँडला नवी माणसं सतत येत असतात. त्यांना माझा इतिहास माहीत नसतो. त्या खुशीत विचारतात, "अय्या, मराठी का तुम्ही?"

परवा अशीच एक आली. तरुण, नुकतीच आलेली, गळ्यात नवं कोरं मंगळसूत्र. खुर्चीत बसली. मी क्रीमची डबी उघडली नाही. आधी समोर स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "सुरू करायच्या आधी एक सांगते. आम्ही गोंदणारे. भटक्या जमातीतले. माझी आई पालात राहायची. चालत असेल तर झोपा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग घड्याळात पाहिलं. म्हणाली, "ओह, मला आठवलं, मला मुलाला पिकअप करायचंय." पर्स उचलली आणि गेली.

मी चादर बदलली नाही. तिच्यानं काही विटाळलं नव्हतं. पुढच्या बाईला हाक मारली.

यातल्या काही जातात, काही झोपतात. जाणाऱ्यांवर पोट भरत नाही, पण मी हे सांगणं सोडणार नाही. मुलीलाही शिकवलंय. त्यांनी माहेर विचारायचं, गाव विचारायचं, आडनाव उलटंपालटं करून बघायचं, आणि आपण चोरासारखं कधी सापडतोय म्हणून वाट बघायची, हे आमच्यापुरतं संपलं. त्यांनी विचारायच्या आत मी सांगणार. मोठ्यानं सांगणार. मला शोधून काढायची संधी यापुढे कुणाला मिळणार नाही.